जुने मराठी विनोदी साहित्य आपल्या आवाजात कसे वाचून द्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशी कितीतरी घरे आहेत जिथे स्वयंपाकघरात मराठी बोलतात, पण मुलाच्या दप्तरात मराठीचे पुस्तक नसते. मूल इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकते. त्याला आज्जीची मराठी पुरती कळते, टोमणा कळतो, थट्टा कळते. मात्र जोडाक्षरांनी भरलेला देवनागरी परिच्छेद समोर आला की ते अडखळते आणि पुस्तक मिटते. त्याच घरातल्या आज्जीने आयुष्यभर वाचलेले असते आणि आता तिला बारीक अक्षर दिसत नाही. दोघांचीही गरज एकच आहे. कुणीतरी वाचून दाखवायला हवे.

वाचून दाखवणे आपल्याला नवे नाही. श्रावणात पोथी लागते, गावोगाव पारायणे होतात, एक जण वाचतो आणि सगळी आळी ऐकते. विनोदी लेख, नाट्यछटा, जुनी नाटके यांच्या वाट्याला मात्र ही बैठक फारशी आली नाही. सीमाभागातल्या पुढच्या पिढीशी मराठी साहित्याची ओळख करून द्यायची तर ती कानावाटे द्यावी, आणि सुरुवात विनोदापासून करावी, असे मला मनापासून वाटते. हसलेले मूल दुसऱ्या दिवशी पुढचा भाग मागते. उपदेश ऐकलेले मूल मागत नाही.

हे काम जगभर कसे चालते याचा उत्तम नमुना म्हणजे लिब्रिव्हॉक्स हे ध्वनिपुस्तकांचे संकेतस्थळ. मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅकग्वायर यांनी ऑगस्ट २००५ मध्ये ते सुरू केले. पहिले पुस्तक जोसेफ कॉनरॅड यांचे ‘द सीक्रेट एजंट’ होते, आणि ते वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी प्रकरणे वाटून घेऊन वाचले. आज तिथे वीस हजारांहून अधिक ध्वनिपुस्तके आहेत. वाचणाऱ्याला मानधन नाही, ऐकणाऱ्याला शुल्क नाही, आणि तयार झालेले ध्वनिमुद्रणही कॉपीराइटमुक्त. ते कुणीही उतरवून घ्यावे, वाटावे, शाळेत लावावे. इंग्रजीच्या मानाने तिथे मराठी अगदी थोडे आहे. ती जागा आपण भरू शकतो.

आधी भरपूर ऐका

वाचायला बसण्याआधी काही दिवस फक्त ऐका. लिब्रिव्हॉक्सच्या संकेतस्थळावर नोंदणी न करता कुठलेही पुस्तक ऐकता येते आणि उतरवूनही घेता येते. ध्वनिफिती प्रत्यक्षात इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर ठेवलेल्या असतात. इंग्रजी समजत असेल तर जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ घ्या. १८८९ चे हे पुस्तक तिथे एकाहून अधिक वाचकांनी वाचले आहे. एकच प्रकरण दोघांकडून ऐका. एक जण विनोदी वाक्यावर आवाज चढवतो, दुसरा तेच वाक्य सरळ चेहऱ्याने सांगून पुढे जातो. हसू कुठे जास्त येते ते स्वतःच्या कानाने ठरवा. पुढचे बरेचसे शिक्षण त्यातच होते.

डेटाचा हिशेबही लक्षात ठेवा. १२८ केबीपीएसची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण एक एमबी घेते, म्हणजे तासाला ५८ एमबीच्या आसपास. ६४ केबीपीएसची त्याच्या निम्मी. बोलण्याच्या आवाजाला ६४ पुरते. खानापूरच्या जंगलपट्टीत, जिथे रेंज येते-जाते, तिथे ऐकत बसण्यापेक्षा गावात आल्यावर एकदाच उतरवून घेतलेले बरे.

कोणते पुस्तक वाचता येईल

इथे घाई करू नका. मराठी विनोद म्हटले की प्रत्येकाच्या तोंडी पहिले नाव पु. ल. देशपांडे यांचे येते, आणि नेमके तेच चालत नाही.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. सोपा हिशेब असा: मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, त्या सालच्या १ जानेवारीला पुस्तक खुले होते. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६१. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०३०. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ २०२४ पासून भारतात खुले आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४), राम गणेश गडकरी (१८८५–१९१९), गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६), नाट्यछटाकार दिवाकर (१८८९–१९३१) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे साहित्य तर केव्हाच खुले झाले आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात, तेवढे पाहून घ्या.

दुसरा हिशेब अमेरिकेचा. लिब्रिव्हॉक्स आणि इंटरनेट आर्काइव्ह दोन्ही तिथल्या कायद्याखाली चालतात. जुन्या पुस्तकांसाठी तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदत धरतात. प्रकाशनाच्या सालात ९६ मिळवले की खुले होण्याचे साल मिळते. चिं. वि. जोशींचे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ चे आहे, त्यामुळे भारतात खुले असूनही तिथे ते २०२८ उजाडेपर्यंत थांबेल. उलट अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ ची, म्हणजे तिथल्या मुदतीतून बाहेर पडलेली. पण आपण भारतात बसून वाचणार, आणि भारतात अत्रे २०३० पर्यंत बंद आहेत. म्हणून दोन्ही हिशेब जुळतील तेच पुस्तक आधी घ्यावे. कोल्हटकर, गडकरी आणि देवल यांची त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तके या कसोटीला सरळ उतरतात.

चिमणराव आवडणाऱ्यांनी हिरमुसून जाऊ नये. वाड्यातल्या बैठकीत, मंडळात, वाचनालयाच्या कट्ट्यावर ते आजही मोकळेपणाने वाचता येतात. ध्वनिमुद्रण आताच नीट करून ठेवा. १ जानेवारी २०२८ ला ते जगासमोर ठेवता येईल.

आणखी दोन गोष्टी तपासा. मूळ मजकूर खुला असला तरी अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, संपादकाने केलेला संक्षेप खुला असेलच असे नाही. ते वगळा. भाषांतराचा हक्क वेगळा असतो. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी भाषांतरकार कालचा असू शकतो.

दृष्टिहीनांसाठी मात्र कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून हक्क असलेल्या पुस्तकाचीही सुलभ प्रत बिननफा करता येते. अट एवढीच की ती प्रत त्यांच्यापुरतीच राहावी. दृष्टिहीनांच्या पुस्तकांसाठी झालेला मराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला, आणि २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय त्यांच्यासाठी चालते. तेव्हा शेजारच्या दृष्टिहीन काकांना पु. ल. वाचून मुद्रित करून द्यायचे असतील तर जरूर द्या. तीच फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

सुरुवात कशाने करावी

पहिल्याच फटक्याला कादंबरी घेऊ नका. दिवाकरांच्या नाट्यछटा सर्वांत सोयीच्या. एकच पात्र बोलते, समोरच्याचे बोलणे त्याच्या उत्तरांतून कळते, आणि पाच-सात मिनिटांत संपते. त्यानंतर गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने लिहिलेले लेख. ‘छोट्या जगूचा रिपोर्ट’ शाळकरी मुलाच्या आवाजात ऐकण्यात जी मजा आहे ती मोठ्यांच्या आवाजात नाही. ‘कवींचा कारखाना’ कॉलेजच्या मुलांना द्यावा.

कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० साली पुस्तकरूपाने आले. मराठीत विनोदी लेखाची घडी त्यांनीच बसवली, आणि गडकरी त्यांना गुरू मानत. ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’ हे गीत सीमाभागात लहानपणापासून कानावर पडते, तेही कोल्हटकरांचेच. गीत पाठ आहे पण सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही त्रयी ठाऊक नाही, अशी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोल्हटकरांची वाक्ये लांब आणि संस्कृत वळणाची असतात, म्हणून ती दुसऱ्या टप्प्यात घ्यावीत.

पाच-सहा जणांचा गट असेल तर देवलांचे ‘संशयकल्लोळ’ घ्या. देवल बेळगावात शिकले, तिथेच काही काळ शिक्षकही होते, आणि ज्यांच्या तालमीत ते नाटककार झाले ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या अशी पात्रे वाटून घ्यावीत. प्रत्येकाने आपले संवाद घरी मुद्रित करायचे आणि एकाने ते ओळीने जोडायचे. लिब्रिव्हॉक्सवर नाट्यवाचने अशीच होतात. पदे गाता येत असतील तर गावीत, नसतील तर कवितेसारखी वाचावीत. जुन्या गायकांच्या तबकड्यांमधला तुकडा मात्र जोडू नका. त्या मुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ विनोदी पुस्तक म्हणून कुणी कपाटात ठेवत नाही. पण स्वतःच्या हालअपेष्टा सांगताना त्या जे हसवतात ते मोठ्याने वाचल्यावरच पुरते पोचते. पन्नाशी ओलांडलेल्या, घरगुती बोलीत सहज बोलणाऱ्या बाईंनी हे वाचावे असे माझे ठाम मत आहे.

एक अडचण आधीच सांगतो. जुन्या विनोदात जातीवरून, बायकांवरून, व्यंगावरून केलेली थट्टा भेटते. अशा ठिकाणी वाक्य गाळू किंवा बदलू नये. मजकूर जसाच्या तसा वाचणे हा लिब्रिव्हॉक्सचा नियम आहे आणि तो योग्यही आहे. जो लेख आपल्या तोंडून जाऊ नये असे वाटते तो घेऊच नका. निवडायला पुष्कळ आहे.

मजकूर कुठून आणायचा

मराठी विकिस्रोतावर खुल्या झालेल्या पुस्तकांचा टंकित मजकूर मिळतो. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन प्रती आहेत. तिथे लेखकाचे नाव रोमन लिपीत, दोन-तीन प्रकारे स्पेलिंग करून शोधावे लागते. लिब्रिव्हॉक्ससाठी प्रकाशनाचे साल दिसणारे शीर्षकपान लागते, म्हणून ते पान असलेलीच प्रत धरा. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत मूळ आवृत्त्या पाहायला मिळण्याची शक्यता असते. ग्रंथपालांना कामाचे स्वरूप नीट सांगितले तर बसून पान पडताळायला सहसा कुणी ना म्हणत नाही.

आपल्या भागासाठी एक खास युक्ती आहे. ज्या मुलांना मराठी उत्तम बोलता येते पण वाचायची सवय कन्नड लिपीची आहे, त्यांच्यासाठी मजकूर कन्नड लिपीत करून द्या. अक्षरमुख नावाचे मोफत साधन देवनागरी मजकूर क्षणात कन्नड लिपीत उतरवते. ‘ळ’ दोन्हीकडे आहे, त्यामुळे फारसे बिघडत नाही. मोठ्या अक्षरात छापून दिले की तीच मुले मराठी धडाधड वाचतात. हळूहळू देवनागरीकडेही येतात, पण त्यासाठी वाचनाचे काम अडवून ठेवायचे कारण नाही.

वाचण्याची तयारी

लेख आधी मनात, मग मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचा. जुन्या छपाईत काही गोष्टी ठेच लागण्यासारख्या असतात.

पहिली, अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘जेव्हां’ असे छापलेले दिसेल. हे टिंब नाकात वाचायचे नाही. सरळ ‘काही’, ‘नाही’, ‘जेव्हा’. ‘असें’, ‘तें’, ‘घरें’ यांचे मी असे करतो: निवेदनात ‘असे’, ‘ते’, ‘घरे’ आणि पात्राच्या तोंडी ‘असं’, ‘ते’, ‘घरं’. काय करायचे ते गटाने एकदा ठरवावे आणि सगळ्या पुस्तकभर तेच पाळावे.

दुसरी, संक्षेप आणि आकडे. ‘रा. रा.’ दिसले की ‘राजमान्य राजश्री’, ‘चि.’ म्हणजे ‘चिरंजीव’. ‘५॥ रुपये’ म्हणजे साडेपाच रुपये, ‘१।’ म्हणजे सव्वा, ‘१॥।’ म्हणजे पावणेदोन. आणे-पै ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी हे घरातल्या मोठ्या माणसाकडून एकदा समजून घ्यावे.

तिसरी, उच्चार. कन्नड माध्यमात शिकलेल्यांचा च आणि ज सगळीकडे एकाच ठिकाणी लागतो. मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. ‘जरा थांब’ मधला ज दातांजवळचा, ‘जरा-मरण’ मधला टाळूचा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गफलत झाली तर वाक्याचा अर्थच फिरतो. संशय असलेल्या शब्दाखाली रेघ ओढा आणि घरात विचारा.

हेल मात्र दडवू नका. आपली बेळगावी मराठी पुण्याच्या चालीवर जात नाही, आणि जायला नको. ‘काय करूलालास’ म्हणणाऱ्या माणसाने गडकरी वाचताना शब्द गडकऱ्यांचेच ठेवावेत, पण सूर स्वतःचा ठेवावा. लिब्रिव्हॉक्सवर नवख्याकडून एक मिनिटाचे चाचणी-मुद्रण मागतात. त्यात आवाजाची पातळी आणि मागचा गोंगाट तपासतात, बोलण्याची धाटणी नाही. आपल्या मुलांना तर आपल्याच गावच्या सुरात साहित्य ऐकायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. आकाशवाणीवर बोलतात तसेच मराठी बोलले पाहिजे, हा धाक आपल्याकडच्या अनेकांना उगाचच गप्प बसवतो.

आता विनोद. विनोदी लेख वाचताना स्वतः हसू नये. कोल्हटकरांचे पात्र अत्यंत गंभीर चेहऱ्याने भलतेच तर्कशास्त्र मांडत असते. वाचणारा जितका गंभीर तितका ऐकणारा हसतो. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा त्या जागी उभी रेघ मारा. हशा ज्या शब्दावर आहे तो बहुधा वाक्याच्या शेवटी असतो. त्याच्या आधी अर्धा क्षण थांबा, शब्द स्वच्छ टाका आणि लगेच पुढे जा. पुढचे वाक्य किंचित सावकाश सुरू करा, म्हणजे ऐकणाऱ्याला हसायला जागा मिळते. बाळकरामांच्या लेखांत कोट्यांवर कोट्या येतात. प्रत्येक कोटीवर जोर दिला तर ऐकणारा दमतो, म्हणून पानात दोन-तीनच निवडा. पात्रांचे आवाज बदलायचे तर थोडेच बदला. एकाचा वेग, दुसऱ्याचा सूर, एवढे पुरे.

वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या आसपास असावा. म्हाताऱ्या कानांना आणि मराठी कमी वाचणाऱ्या मुलांना यापेक्षा भरभर पेलत नाही.

मुद्रण

महागडा माइक लागत नाही. शांत खोली लागते. पलंग, कपाट, कपडे असलेली लहान खोली रिकाम्या हॉलपेक्षा कधीही चांगली. भिंत उघडी असेल तर खुंटीवर वाकळ टांगा, टेबलावर चादर अंथरा. पंखा आणि फ्रिज बंद. लाइट गेलेली असते ती वेळ खरे तर उत्तम. पंखे, मोटारी, शेजारचा टीव्ही सगळे थांबलेले असते. लॅपटॉप किंवा मोबाइल चार्ज करून ठेवा आणि त्या वेळेचा फायदा घ्या. पावसाळ्यात कौलांवर आणि पत्र्यावर जो आवाज होतो त्यात मुद्रण होत नाही. जून ते सप्टेंबर हे महिने निवड, टंकन आणि तपासणीसाठी ठेवा आणि दिवाळीनंतर वाचायला बसा.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, भ यांचा फुंकर थेट माइकवर आदळत नाही. संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ट्रॅक मोनो, नमुना-दर ४४.१ किलोहर्ट्झ. बोलताना पातळीची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान नाचली पाहिजे. लाल झाली तर आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

आधी दहा सेकंद काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित करा. पुढे गोंगाट कमी करायला तीच उपयोगी पडते. मग सुरुवातीची घोषणा. लिब्रिव्हॉक्ससाठी असेल तर ठरावीक शब्द प्रकल्पाच्या समन्वयकाकडून मिळतात. स्वतंत्र असेल तर पुस्तक, लेखक, प्रकरण आणि हे मुद्रण सर्वांसाठी खुले आहे एवढे सांगा. स्वतःचे नाव सांगायचे की नाही ही तुमची मर्जी.

चूक झाली की थांबवू नका. एक चुटकी वाजवा, श्वास घ्या आणि ते पूर्ण वाक्य पहिल्यापासून वाचा. चुटकीचा टोकदार उंचवटा आलेखात लांबून दिसतो, त्यामुळे कापताना जागा शोधावी लागत नाही. अर्ध्या वाक्यापासून जोडलेला सांधा कानाला कळतो, म्हणून नेहमी वाक्याच्या सुरुवातीपासून. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त वाचू नका. घसा उतरतो आणि पहिल्या पानाचा आवाज शेवटच्या पानाशी जुळत नाही. कोमट पाणी जवळ असावे. चहा-दुधाने घशात चिकटपणा येतो.

सफाई आणि तपासणी

चुकलेले तुकडे कापा. गोंगाट कमी करण्याचा परिणाम हलक्या हाताने द्या. जास्त दिला तर माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद आणि शेवटी पाच सेकंद शांतता ठेवा. १२८ केबीपीएसची एमपीथ्री काढा. लिब्रिव्हॉक्सला आवाज साधारण ८९ डेसिबल लागतो (ही मोजपट्टी मघाच्या उणे आकड्यांहून वेगळी) आणि तो मोजण्याचे साधन ते स्वतःच देतात. मूळ वॅव्ह फाइल जपून ठेवा.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. दुसऱ्या माणसाने पुस्तक समोर धरून शब्दन् शब्द ऐकायचा. गळलेला शब्द, दोनदा आलेले वाक्य, कुकरची शिट्टी, चुकलेला उच्चार, सगळे मिनिट-सेकंदासह टिपायचे. ज्यांना स्वतःचा आवाज द्यायला संकोच वाटतो अशा निवृत्त शिक्षक-शिक्षिकांना हे काम द्यावे. सीमाभागातल्या मराठी शाळांमधून निवृत्त झालेली अशी मंडळी गावोगाव आहेत, आणि त्यांच्या कानातून एक वेलांटीही निसटत नाही. टिपण वाचणाऱ्याला खासगीत द्यावे, सर्वांसमोर नाही. वाक्य दुरुस्त करताना त्याच खोलीत, शक्यतो त्याच वेळेला मुद्रण करावे, म्हणजे सूर जुळतो.

कुठे ठेवायचे

लिब्रिव्हॉक्सवर जायचे असेल तर नोंदणी, एक मिनिटाची चाचणी, मग आधी एखाद्या सामूहिक प्रकल्पात लहानसा भाग, आणि त्यानंतर स्वतःचे पुस्तक हा क्रम बरा. तिथला संवाद बहुतांशी इंग्रजीत चालतो. गटात एकाला इंग्रजी नीट येत असेल तर त्यानेच समन्वय पाहावा, बाकीच्यांनी वाचावे. मराठी तपासणारा तिथे लगेच मिळेलच असे नाही, तेव्हा आपला तपासनीस बरोबर घेऊन जा.

थेट इंटरनेट आर्काइव्हवर खाते काढूनही ठेवता येते. परवान्याच्या रकान्यात ‘सीसी झीरो’, म्हणजे सगळे हक्क सोडल्याचा पर्याय, निवडा. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही द्या, कारण परगावी राहणारी मुले रोमन लिपीतच शोधतात. लेखकाचे मृत्युवर्ष आणि मूळ आवृत्तीचे साल वर्णनात लिहा. पुढे कुणी हक्काविषयी विचारले तर उत्तर तिथेच असते.

घरोघरी पोचवणे

इंटरनेटवर ठेवले म्हणजे येळ्ळूरच्या आज्जीपर्यंत पोचले असे होत नाही. तिच्याकडे भजने लावायचा, पेन ड्राइव्ह घालायचा छोटा स्पीकर असतो. त्यासाठी पेन ड्राइव्ह फॅट थर्टीटू पद्धतीने फॉरमॅट करा, फाइलींची नावे नुसत्या इंग्रजी आकड्यांत (01, 02, 03) ठेवा, आणि एकेक फाइल क्रमाने कॉपी करा. स्वस्तातले बरेच स्पीकर नावाचा क्रम पाहत नाहीत. कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात. देवनागरी नावांच्या फाइली काही स्पीकर उघडतच नाहीत. प्रत्येक फाइल पंधरा-वीस मिनिटांची असावी. स्पीकर बंद केला की बरेचदा पहिल्यापासून सुरू होतो, आणि तासाची फाइल असेल तर आज्जीला कालची जागा सापडत नाही.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा इथली ग्रामीण साहित्य संमेलने ही या कामाची हक्काची जागा आहे. पुस्तकांच्या दुकानाशेजारी एक टेबल आणि दोन हेडफोन मांडले, ‘संशयकल्लोळ’चा एखादा प्रवेश लावून ठेवला, आणि येणाऱ्याच्या पेन ड्राइव्हमध्ये किंवा मोबाइलच्या कार्डात तिथल्या तिथे भरून दिला, तर एका दिवसात जेवढे श्रोते मिळतात तेवढे महिनाभर फॉरवर्ड करून मिळत नाहीत. त्याच टेबलावर एक वही ठेवा. ज्यांना वाचायचे आहे त्यांचे नाव, गाव, कोणती लिपी सोयीची आणि घरात शांत खोली आहे का, एवढेच लिहून घ्या. चूक दाखवणाऱ्यांसाठी वहीचे शेवटचे पान राखून ठेवा. दुरुस्ती झाली की आर्काइव्हवर फक्त त्या प्रकरणाची फाइल त्याच नावाने पुन्हा चढवा, म्हणजे आधी दिलेले दुवे मोडत नाहीत.